परवाना देण्याआधी माझा नेम बघा: शस्त्र परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व पोलीस आयुक्त आणि जिल्हाधिकारी
(शस्त्र परवाना प्राधिकारी)

विषय: परवान्याआधी आणि नूतनीकरणाआधी प्रत्यक्ष चाचणी, तसंच सरावासाठी जागा मिळण्याबाबत

सन्माननीय महोदय / महोदया,

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची. राज्य महामार्गावर आमचा पेट्रोल पंप आहे, सासऱ्यांनंतर तो मी चालवते. माझ्या नावावर पॉइंट बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे, रीतसर परवान्यासह. रिव्हॉल्व्हर मात्र खूप नंतर आलं. त्याच्या कितीतरी आधीपासून मी नेमबाजी करते, आणि अजूनही करते: दहा मीटर एअर पिस्तूल आणि पंचवीस मीटर स्पोर्ट्स पिस्तूल. हौस म्हणून सुरू झालं, पुढे राज्य स्पर्धेपर्यंत गेले, त्यापलीकडे नाही.

परवाना काढताना आलेले अनुभव आणि परवाना हातात पडल्यावर कळलेल्या गोष्टी, यावरून तुमच्याकडे एक मागणं आहे. हत्यार मागणाऱ्या प्रत्येकाला, मग बाई असो की पुरुष, ते चालवता येतं का आणि आवरता येतं का, हे स्वतः बघा. फायलीत बघून ते कळत नाही, फायरिंग बटवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी, उभं करून बघा. आणि तेवढी तयारी व्हावी म्हणून सरावाला जागा द्या.

हे मी का म्हणते, ते कळण्यासाठी नेमबाजीच्या रेंजवर काय शिकवतात ते जरा सविस्तर सांगायला हवं.

मुलगी सातवीत असताना तिला जिल्ह्याच्या गावी एका रेंजवर घातलं. आमच्या भागात त्याचं कोणाला नवल वाटलं नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण घेतलं, तेव्हापासून इकडच्या आयांना नेमबाजी हा आपल्या मुलींचा खेळ वाटतो. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे ही नावं तर आम्ही त्याच्याही आधीपासून वर्तमानपत्रात वाचत होतो. मुलगी आत, आणि मी बाहेर बाकड्यावर पंपाचे हिशेब घेऊन बसलेली. प्रशिक्षक सर एकदा म्हणाले, ‘वहिनी, तासभर बसताच आहात तर धरून बघा की.’ मी धरलं, आणि सुटलं नाही.

सुरुवातीचे कित्येक आठवडे छर्रा मिळतच नाही. कोऱ्या भिंतीसमोर आडवं उभं राहायचं, एक हात खिशात, दुसरा खांद्याच्या उंचीला, हातात पिस्तूल. वजन किलोच्या आसपास. मिनिटभरात दंड भरून येतो, मनगट थरथरायला लागतं. समोर टार्गेट नसल्यामुळे बघायला एकच गोष्ट उरते, साइट, म्हणजे पिस्तुलावरच्या नेम धरायच्या खुणा: मागच्या साइटच्या खाचेत पुढची साइट मधोमध बसली आहे का, दोघींची वरची कड एका रेषेत आहे का, दोन्ही अंगांना उजेडाची सारखी पट्टी दिसते का. टार्गेट लावल्यावरसुद्धा नजर पुढच्या साइटवरच ठेवायची, टार्गेट धूसर दिसलं पाहिजे. ज्याच्यावर मारायचं त्याकडे न बघता मारायचं, हे नवख्या माणसाला पटतच नाही. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर ठरतो, आणि साइट केसभर सरकली तरी दहा मीटरवर छर्रा कुठच्या कुठे जातो. दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं.

मग येतो ट्रिगर. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमची ओढ असावी असा नियम आहे. ती ओढ बोटाच्या पहिल्या पेरानं, सरळ मागे, हळूहळू वाढवत न्यायची. ‘आता मारते’ असं मनात आलं की शॉट वाया गेलाच म्हणून समजा, कारण हात आधीच दचकतो. शॉट सुटल्यावरही हात लगेच खाली येता कामा नये, साइट पुन्हा जागेवर येईपर्यंत तिथेच थांबायचं. स्पर्धेत हे साठ वेळा करायचं असतं, सव्वा तासात. महिलांना पूर्वी चाळीस शॉट असायचे, २०१८ पासून पुरुषांइतकेच साठ झाले. मला तो बदल मनापासून आवडला.

या सगळ्यात शिकायला सर्वांत अवघड गेली ती गोष्ट वेगळीच. हात वर गेला, श्वास अर्धा सोडला, बोट ट्रिगरवर आलं, आणि साइट काही ठरत नाही. अशा वेळी हात खाली घ्यायचा. मारायचं नाही. श्वास घ्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. घड्याळ पळत असतं, शेजारचीचे शॉट पुढे गेलेले असतात, मन म्हणतं ‘सोड एकदाचा’. तरी खाली घ्यायचा. आमचे सर गुणांपेक्षा यावर जास्त लक्ष ठेवत. किती वेळा न मारता हात खाली घेतलास, असं विचारत. तुमच्याच पोलीस दलातून निवृत्त झालेल्या भीष्मराज बाम यांनी नाशिकमध्ये राहून नेमबाजांना मन आणि श्वास आवरायला शिकवलं, त्या शिकवणीचं सारही मला हेच दिसतं. हत्यार मागायला आलेल्या माणसात तुम्हाला एकच गुण तपासता येणार असेल, तर हा तपासा.

सुरक्षेची शिस्त तर रेंजवर पहिल्या दिवसापासून अंगात मुरवतात. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. मारायचं ठरेपर्यंत बोट ट्रिगरच्या कडीबाहेर, अंगाला सरळ टेकलेलं. पिस्तूल खाली ठेवताना ते उघडं आणि रिकामं, नळीत भडक रंगाची सेफ्टी दोरी, म्हणजे आत काही नाही हे लांबूनही दिसावं. ‘स्टॉप’ म्हटलं की तिथल्या तिथे थांबायचं. फायरिंग लाइनच्या पुढे कोणी गेलं असेल तर पिस्तुलाला हातसुद्धा लावायचा नाही. सातवी-आठवीतल्या पोरी हे बिनचूक पाळतात. आणि लग्नाच्या वरातीत, वाढदिवसाला, मिरवणुकीत हवेत बार काढणारी मोठी माणसं आपण मोबाइलवर बघतो! त्यातल्या कित्येकांच्या खिशात परवाना असतो. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बेदरकार गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शिक्षा असावीच. पण या माणसाला हत्यार देण्याआधी कोणी त्याला तासभर रेंजवर उभं केलं असतं, तर तो कसा आहे हे तेव्हाच दिसलं असतं.

पुढे पंचवीस मीटरला गेले. तिथे पॉइंट टू टूचं पिस्तूल, क्लबचं. या प्रकाराचा दुसरा टप्पा वेगाचा असतो. टार्गेट तीन सेकंद समोर येतं, सात सेकंद जातं. हात खाली तिरका धरलेला. टार्गेट आलं की उचलायचा, साइट धरायची, एकच गोळी मारायची, पुन्हा खाली. तीन सेकंद म्हणजे किती थोडा वेळ आहे, हे ज्यानं केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, पालेमबांगला, राही सरनोबत यांची आणि थायलंडच्या नेमबाजाची बरोबरी झाली. शूट-ऑफ, म्हणजे बरोबरी फोडायची जादा फेरी, झाला, त्यातही बरोबरी. दुसऱ्या शूट-ऑफला राहीताईंनी सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. मी तो सामना पंपाच्या ऑफिसात बघितला, बाहेर ट्रकवाले बिलासाठी थांबले होते. जिल्हाधिकारी साहेबांना आणि मॅडमना मुद्दाम आठवण करून देते, याच राहीताईंना राज्य शासनानं उपजिल्हाधिकारीपद दिलं. चाचणी कशी घ्यावी हे विचारायला तुम्हाला लांब जायला नको.

आता परवान्याकडे येते.

रविवारी बँक बंद, त्यामुळे सोमवारी पंपाची रोकड मोठी असते. अशाच एका सोमवारी दोन मोटारसायकली माझ्या गाडीमागे लागल्या. नंबरप्लेटवर चिखल फासलेला. मी वेग कमी केला की त्याही कमी करत, वाढवला की वाढवत. मी बँकेकडे न वळता गाडी थेट पोलीस ठाण्याच्या आवारात घातली आणि त्या पुढे निघून गेल्या. ठाण्यातल्या लोकांनी मला पाणी दिलं, नीट विचारपूस केली, नोंद घेतली. पुढे आठवडाभर रस्त्यावर गस्तही वाढवली. त्याबद्दल त्यांचे उपकार आहेत. पण रोकड दर सोमवारी असते आणि गस्त कायमची नसते. म्हणून मी अर्ज केला.

अर्जासोबत मी रेंजचं प्रशिक्षण प्रमाणपत्र जोडलं आणि स्पर्धांच्या गुणपत्रिकाही जोडल्या. टेबलावरच्या बाबूंनी गुणपत्रिका काढून माझ्याकडे सरकवल्या. ‘हे नको. सातबारा द्या, आयटी रिटर्न द्या, आणि मिस्टरांचं संमतीपत्र स्टॅम्पपेपरवर.’ मी विचारलं, संमती कशासाठी? ‘पद्धत आहे.’ माझ्या दिरांनी त्याआधी त्याच टेबलावरून परवाना घेतला होता, जाऊबाईंची संमती कोणी मागितली नव्हती. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १४ मध्ये तर स्पष्ट लिहिलंय की, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कोणालाही परवाना नाकारता येणार नाही. मग माझ्या सातबाऱ्यात इतका रस का? आणि माझ्या नेमात एवढाही का नाही?

घरी चौकशीला आलेले हवालदार यजमानांशी बोलले, मी शेजारीच उभी होते. जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, ‘बाई, जमेल का तुम्हाला चालवायला?’ प्रश्न अगदी योग्य होता. सगळ्या प्रक्रियेत विचारला गेलेला तो सर्वांत योग्य प्रश्न. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी गाडीला किक मारली होती. ज्या अधिकाऱ्यांनी शेवटी सही केली, त्यांनी मात्र समोर बसवून विचारलं, ‘घरी ठेवणार कुठे, आणि किल्ली कोणाकडे?’ मी भिंतीत बसवलेल्या तिजोरीचे फोटो दाखवले, काडतुसं वेगळ्या कप्प्यात राहतील हे सांगितलं. असे अधिकारी आहेत. म्हणूनच हे पत्र लिहावंसं वाटलं.

प्रशिक्षणाबद्दल एक खुलासा. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाची अट आहे, हे मला माहीत आहे. हाताळणी, बाळगणं, गोळी चालवणं, सुरक्षित साठवण, सगळं त्यात येतं. अट उत्तम आहे. पण माझ्या ओळखीतल्या काहींनी ते प्रमाणपत्र एका दुपारी मिळवलं, आणि त्यातल्या एकानं चहा पिता पिता मला सांगितलं की, घेतल्यापासून त्याच्या रिव्हॉल्व्हरमधून एकही गोळी सुटलेली नाही. हे तो अभिमानानं सांगत होता. मला भीती वाटली. रिव्हॉल्व्हर हातात घेतलं तेव्हा मलाच सगळं जवळजवळ नव्यानं शिकावं लागलं. खेळाच्या पिस्तुलाचा ट्रिगर ग्रॅममध्ये मोजायचा. रिव्हॉल्व्हरचा घोडा न चढवता ओढायचा ट्रिगर त्याच्या कैक पट जड, आणि ओढ लांबलचक. ती ओढताना पुढची साइट खाली डुंबते. आवाज आणि धक्का असा की पुढच्या गोळीला हात आपोआप दचकतो. मी अजून रोज रात्री दार लावून, खोलीत एकही खरं काडतूस नाही हे बघून, नकली काडतुसं घालते, नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवते आणि ट्रिगर ओढते. नाणं पडता कामा नये. दिवसभराच्या दमणुकीनंतर ते पडतं. वर्षानुवर्षं सराव करणारीची ही गत, तर ज्यानं एकदाही चालवलं नाही त्याच्या हातात गर्दीच्या रस्त्यावर ते काय करेल?

बाळगण्याबद्दल लोकांच्या कल्पना फार चुकीच्या आहेत, म्हणून तेही सांगते. मी रिव्हॉल्व्हर फक्त रोकड नेण्याच्या दिवशी बाळगते. साडी किंवा नुसता कुडता असेल तर होल्स्टर, म्हणजे हत्यार ठेवायचं म्यान, अंगावर नीट बसत नाही, म्हणून त्या दिवशी जाड पट्टा असलेली पॅन्ट आणि वरून सैल कुडता. पर्समध्ये ठेवायचं नाही, हा माझा स्वतःशी केलेला करार आहे. पर्स आपण खुर्चीवर ठेवतो, दुसऱ्याच्या हाती देतो, त्यात पोरं गोळ्या-बिस्किटं शोधतात. हत्यार झाकलेलं असलं पाहिजे आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे, हे नियमातही आहे. परवान्याच्या अटींनुसार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, जाहीर जमावात किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात ते नेता येत नाही. अट शहाणपणाची आहे, मला पूर्ण मान्य आहे. पण त्यावरूनच एक गोष्ट लक्षात येते: बाईला धक्के खावे लागतात ते जत्रेच्या गर्दीत, छेड निघते ती कॉलेजच्या फाटकाशी, आणि तिथे हे हत्यार नसणारच.

मोठी घटना घडली की भाषणं होतात, ‘बायकांना सरसकट परवाने द्या.’ दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर कानपूरच्या आयुध निर्माणीनं २०१४ च्या जानेवारीत ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर खास महिलांसाठी म्हणून बाजारात आणलं. पॉइंट बत्तीस बोअर, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात. भाषणं करणाऱ्यांच्या मनात कळकळ असेलही. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की, बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो: घरचा, शेजारचा, नात्यातला, लग्नाचं वचन दिलेला. अशा माणसासाठी कोणी कमरेला होल्स्टर बांधून स्वयंपाक करत नाही. मी रिव्हॉल्व्हर बाळगणारी बाई आहे, तरी माझ्या मुलीच्या सुरक्षेचं उत्तर म्हणून मी ते तिच्या हाती देणार नाही. तिच्या हाती एअर पिस्तूल दिलं, कारण त्यातून ती ताठ उभी राहायला आणि मन आवरायला शिकली. पॉइंट १७७ बोअरच्या, २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवानाही लागत नाही. सरकारला बायकांसाठी हत्यारांवर खर्च करायचाच असेल तर तालुक्याच्या शाळांत दहा मीटरच्या रेंज काढा. स्पर्धेच्या दर्जाचं एक पिस्तूल लाखाच्या वर जातं, शेतकऱ्याच्या घरातून ते येत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसहून कांस्य घेऊन आला, मनू भाकर त्याच स्पर्धेत दोन पदकं घेऊन आली. पोरं-पोरी तयार आहेत, छर्रे आणि पिस्तुलं नाहीत.

आता संमतीपत्राबद्दल. घरात हत्यार येणार असेल तर घरच्यांना विचारावं, हे मला तत्त्वतः मान्य आहे. त्या घरात तेही राहतात. पण मग सगळ्यांना विचारा. आणि ज्या घरात पुरुष परवाना मागतोय, तिथे त्याच्या बायकोला नक्की विचारा, एकटीला बोलावून. दीर, सासरे, नवरा ओसरीवर बसलेत आणि ती चहाचा ट्रे घेऊन उभी आहे, अशा वेळी ‘तुमची काही हरकत नाही ना?’ विचारून उपयोग नाही. महिला पोलीस कर्मचाऱ्यानं तिला वेगळं भेटावं, आणि विचारावं: हा माणूस पितो का, हात उचलतो का, रागाच्या भरात काय करतो. तिनं दिलेलं उत्तर गोपनीय राहावं, नकार आला तर त्याचं कारण म्हणून तिचं नाव कागदावर कुठेही येऊ नये. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज दाखल आहे का, हे प्रत्येक अर्जात आणि प्रत्येक नूतनीकरणात तपासावं. माझ्या गावात एक बाई आहे, तिच्या घरात बारा बोअरची बंदूक आहे. भांडण झालं की नवरा काही बोलत नाही, खुंटीवरून बंदूक काढून पुसत बसतो. तिला मारहाणीची तक्रार करता येत नाही, कारण मारहाण होत नाही. त्या बंदुकीच्या फाईलमध्ये या बाईचं म्हणणं कुठे नोंदवलेलं आहे का? तिला कोणी विचारलंच नाही.

मागणी फार खर्चाची नाही. बहुतेक जिल्ह्यांच्या पोलिसांकडे फायरिंगची सोय असते, शिकवणारे उस्ताद असतात. महिन्यातून एक रविवार परवानाधारकांसाठी ठेवा. फी घ्या, काडतुसं आम्ही आमच्या पैशानं आणू. सरावासाठीच्या काडतुसांची वेगळी नोंद परवान्यावर करा, म्हणजे सरावाला वापरली की कोटा संपला म्हणून घाबरायला नको. महिलांसाठी वेगळी तुकडी ठेवली तर जास्त जणी येतील, हे मी रेंजवरच्या अनुभवावरून सांगते. बायका प्रश्न विचारायला लाजत नाहीत, फक्त हसणारं कोणी शेजारी नको.

चाचणीत अवघड काही नको. हत्यार रिकामं आहे हे तपासून दाखवा. भरा, रिकामं करा, नळी कुठे वळते ते उस्ताद बघतील. ठरावीक अंतरावर ठरावीक गोळ्या, ठरावीक वर्तुळात. मग ‘फायर’ म्हणायच्या ऐवजी मध्येच ‘स्टॉप’ म्हणा आणि बघा, किती जणांचं बोट थांबतं. आणि थोडा कायदा विचारा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जीवाची भीती संपली की शरीर वाचवण्यासाठीचा हक्कही संपतो, पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालता येत नाही, हे किती परवानाधारकांना माहीत आहे? माझ्या ओळखीच्या बहुतेकांना नाही.

नापास होणाऱ्यात मोठी माणसं निघतील, फोन येतील. ती अडचण मला समजते. पण ड्रायव्हिंगचं लायसन काढताना गाडी चालवून दाखवावीच लागते, आणि त्यावर कोणी अपमान झाला म्हणत नाही. निवडणूक जाहीर झाली की तुमच्या एका पत्रावर आम्ही हत्यारं घेऊन ठाण्यात रांग लावतो, पावती घेऊन घरी जातो. तशाच एका पत्रावर चाचणीलाही येऊ.

२०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. म्हणजे एकदा सही झाली की पाच वर्षं कोणी विचारायला येत नाही. या मुदतीत माणसाची नजर अधू होते, हाताला कंप सुटतो, घरात भांडणं वाढतात, दारू लागते. माझं नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे. मी फी भरीन, वैद्यकीय दाखला जोडीन, तिजोरी बघायला घरी या असंही लिहीन. त्या अर्जासोबत गुणपत्रिका पुन्हा जोडणार आहे. या वेळी त्या परत सरकवू नका, आणि त्यांच्यावर विश्वासही ठेवू नका. मला बटवर बोलवा, तारीख आणि वेळ कळवा. माझ्याबरोबर त्याच दिवशी माझ्या दिरांनाही बोलवा, आणि त्याआधी एकदा जाऊबाईंना भेटा.

आपली विश्वासू,
एक परवानाधारक नेमबाज